डाग बाईचा की बाप्याचा?

सुमारे वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या अगदी आरंभी, मी एका तालुक्याच्या गावी परिविक्षाधीन अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. लग्नाला सात वर्षे पुरी होण्याच्या आत एखाद्या विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर मरणोत्तर पंचनामा दंडाधिकाऱ्याने करावयाचा असतो. अशाच एका पंचनाम्याला मी वरिष्ठांबरोबर गेलो होतो. पडवीतल्या वलणीवर नवऱ्याचा सदरा होता आणि त्याच्या बाहीवर तीन-चार वाळलेले डाग होते. घरच्यांचे म्हणणे असे, की विळा लागून नवऱ्याचाच हात कापला, त्याचे ते रक्त. मुलीची आई खांबाला टेकून बसली होती. तिने कोणाचाही मुलाहिजा न ठेवता विचारले, "सायेब, ह्ये रगात बाईचं हाय का बाप्याचं, येवढं तरी तुमचं शास्तर सांगल का न्हाई?"

तिला आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. पुढे जेव्हा मी सवडीने ह्या विषयावरचे वाचन करू लागलो, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक ही, की त्या बाईने विचारलेला प्रश्न शास्त्रज्ञांनीही जवळजवळ त्याच शब्दांत स्वतःला विचारला होता. आणि दुसरी ही, की त्याचे उत्तर देण्याची विद्या तेव्हा जगात होती, आपल्या देशातही होती. आमच्या त्या मोहोरबंद पुडीपर्यंत ती पोहोचली नव्हती, इतकेच. श्रोतेहो, ह्या विद्येचा इतिहास आज मी सांगणार आहे.

वाळलेल्या रक्ताने न्यायासनापुढे बोलावे, ही अपेक्षा विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रथम सफल झाली. १९०१ मध्ये जर्मनीतील पाउल उलेनहुथ ह्यांनी मनुष्याचे रक्त आणि जनावराचे रक्त ओळखण्याची कसोटी शोधली. त्याच वर्षी व्हिएन्नात कार्ल लांडस्टायनर ह्यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात इटलीतील लिओने लात्तेस ह्यांनी कपड्यावर वाळलेल्या डागातूनही गट ओळखता येतो हे दाखवून दिले. कोंबडे कापले होते, ही आरोपीची ठरलेली सबब तेव्हापासून लंगडी पडली. पण डाग माणसाचा आहे, अमुक गटाचा आहे, एवढे सांगून शास्त्र थांबे. स्त्री-पुरुष भेदाबद्दल ते मूक होते, कारण गटाची खूण तांबड्या पेशींवर असते, आणि माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसते. बाई की बाप्या हे जे काही लिहिलेले आहे, ते केंद्रकातील गुणसूत्रांत लिहिलेले आहे, आणि रक्तामध्ये केंद्रके आहेत ती पांढऱ्या पेशींना. त्यांची संख्या तांबड्यांच्या मानाने फारच अल्प असते. तरीही रक्ताच्या एका ठसठशीत थेंबात त्या तीन-चार लाख सहज भरतात. म्हणजे साक्षीदार होते. त्यांना बोलते कसे करावे, हाच प्रश्न होता.

पुढे जाण्यापूर्वी शब्दाविषयी एक खुलासा करणे जरूर आहे. लिंगनिदान हा शब्द आपल्याकडे बदनाम झालेला आहे, आणि तो योग्य कारणाने झालेला आहे. गर्भाचे लिंग जाणून मुलीचा गर्भ नाहीसा करण्याच्या प्रकाराला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. मी ज्याविषयी बोलत आहे ती लिंगनिश्चिती त्याहून निराळी. ती जन्माला येऊ घातलेल्या जिवाची नव्हे. सांडून गेलेल्या रक्ताची आहे. पण दोहोंच्या मुळाशी असलेले रसायन एकच आहे, हे कोणी विसरू नये.

तर, स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे आणि पुरुषाच्या पेशीत एक एक्स व एक लहानसे वाय, हे सूत्र आज शाळकरी पोरालाही पाठ असते. ह्या लहान गुणसूत्राचा पत्ता १९०५ मध्ये अमेरिकेतील नेटी स्टीव्हन्स ह्या विदुषीने पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासताना लावला. परंतु गुणसूत्रे सुटी सुटी दिसतात ती पेशी विभागत असतानाच. वाळलेल्या डागातली पेशी मेलेली असते. ती कशाला विभागते? तेव्हा विश्रांतीतल्या केंद्रकावर एखादी खूण सापडल्याखेरीज गत्यंतर नव्हते.

ती खूण सापडली कॅनडात, आणि तीही निराळेच काही शोधत असताना. १९४९ मध्ये मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी युअर्ट बर्ट्राम हे मांजरांच्या मज्जापेशींवर थकव्याचा काय परिणाम होतो ते पाहत होते. काही मांजरांच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसे, काहींच्या दिसत नसे. नोंदवही चाळली तेव्हा ठिपका असलेल्या सगळ्या माद्या निघाल्या! ह्या शोधातला मला भावणारा भाग हा नोंदवहीचा आहे. प्रत्येक मांजर नर की मादी हे कोणीतरी इमानाने टिपून ठेवले होते म्हणून हा शोध लागला. आम्हा कचेरीतल्या लोकांना एवढे तरी समाधान असू द्या. तो ठिपका म्हणजे स्त्रीच्या दोन एक्सपैकी मिटून निद्रिस्त झालेले एक एक्स, हे पुढे १९६१ मध्ये मेरी लायन ह्यांनी मांडलेल्या उपपत्तीवरून स्पष्ट झाले.

१९५४ मध्ये लंडनच्या डेव्हिडसन आणि रॉबर्टसन स्मिथ ह्यांनी हीच खूण रक्तात दाखवली. स्त्रीच्या काही पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला ढोलाच्या टिपरीसारखे एक बारीक बोंड लोंबत असते. शंभर पेशींत सरासरी तिनांना ते आढळते. पुरुषाच्या पेशींत नाही. न्यायवैद्यकाच्या अभ्यासकांनी ही टिपरी लगोलग वाळलेल्या डागात शोधण्यास आरंभ केला. डाग ताजा व जाड असेल तर ती सापडे. पाचशे पेशी मोजाव्या, सहा टिपऱ्या दिसल्या तर स्त्री, एकही न दिसली तर पुरुष, असा ठोकताळा बसला.

आता ह्या ठोकताळ्यातले व्यंग पाहा. टिपरी दिसली की स्त्री स्वतःच्या मुखाने बोलली. पण दिसली नाही, तर? तो पुरुष असेल; किंवा स्त्रीच असेल, आणि उन्हाने, ओलीने, काळाने तिच्या पेशी आक्रसून टिपऱ्या गळून गेल्या असतील. एम.ए.ला माझा विषय संस्कृत होता, म्हणून मला ह्या जागी मीमांसकांची आठवण होते. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धि हे सहावे प्रमाण मानले: जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो तेथे नाही. परंतु त्यांनी त्याला एक अट घातली. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही. ह्याला ते योग्यानुपलब्धि म्हणत. रक्ताच्या डागावरून स्त्री-पुरुष ओळखण्याचा सगळा इतिहास हा ह्या एका अटीशी चाललेल्या झटापटीचा इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे.

पुढला टप्पा आला तो बाजू पालटून. १९६९ च्या सुमारास स्वीडनमध्ये कास्परसन आणि लोरे झेख ह्यांना दिसून आले, की क्विनॅक्रिन जातीच्या रंगद्रव्याने रंगवलेल्या गुणसूत्रांत वाय गुणसूत्राचे टोक अतिनील प्रकाशात लखलखते. हे क्विनॅक्रिन मूळचे हिवतापाचे औषध. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील सैनिक ते मेपाक्रिन ह्या नावाने रोज गिळत आणि पिवळे पडत. १९७० मध्ये ऑक्सफर्डच्या पीअर्सन, बॉब्रो आणि व्होसा ह्यांनी विश्रांतीतल्या केंद्रकातही हा तेजस्वी बिंदू दाखवला, आणि थोड्याच अवधीत तो रक्ताच्या जुन्या डागांतही शोधला जाऊ लागला. आता पुरुष बोलू लागला आणि स्त्री मूक झाली. बिंदू दिसला तर बाप्या. न दिसला तर बाई, अथवा शिळा डाग, अथवा असा पुरुष की ज्याच्या वाय गुणसूत्राचे ते टोक जन्मतःच आखूड आहे. त्यातून दुसऱ्या काही गुणसूत्रांचे तुकडेही मधूनच चमकून स्त्रीच्या केंद्रकात पुरुषाचा भास निर्माण करीत. मधल्या काळात डागातील स्त्री-पुरुष संप्रेरकांचे प्रमाण मोजूनही पाहिले गेले. ते वयापरत्वे आणि प्रकृतिपरत्वे बदलणारे असल्यामुळे त्यावर फार काळ कोणी विसंबले नाही.

डी.एन.ए.चा प्रवेश झाला तो ह्या लखलखणाऱ्या टोकाच्याच वाटेने. १९७६ मध्ये एडिंबरोच्या हॉवर्ड कुक ह्यांनी डी.एन.ए. ठरावीक जागी कापणारे एक विकर वापरले, तेव्हा पुरुषांच्या नमुन्यात सुमारे साडेतीन हजार अक्षरांचा एक तुकडा ठळकपणे निघाला. स्त्रियांच्या नमुन्यात तो नव्हता. वाय गुणसूत्रावर हा तुकडा एखाद्या नामजपासारखा हजारो वेळा पुन्हापुन्हा येतो. न्यायवैद्यकाच्या दृष्टीने ही पुनरुक्ती म्हणजे वरदानच होते, कारण जे वाक्य हजारो वेळा लिहिलेले आहे ते अर्धवट जळालेल्या पोथीतूनही वाचता येते.

पण वाळलेल्या डागात डी.एन.ए. टिकतो तरी काय? १९८५ मध्ये पीटर गिल, लेस्टरचे अ‍ॅलेक जेफ्रीज आणि डेव्हिड वेरेट ह्यांनी सुती कापडावरच्या चार वर्षांच्या डागांतून तो सुस्थितीत काढून दाखवला, आणि सगळ्या शंका मिटल्या. जेफ्रीज ह्यांची डी.एन.ए. ठशांची कीर्ती सर्वांच्या कानांवर आहेच. त्या मानाने लिंगनिश्चितीचे काम झाकलेले राहिले. १९८६-८७ मध्ये वाय गुणसूत्राच्या ह्या पुनरुक्त तुकड्याचा शोधक म्हणून उपयोग करून डागाचे लिंग ओळखण्याच्या रीती प्रसिद्ध झाल्या. त्यांतली एक गिल ह्यांची, १९८७ ची. डागातील डी.एन.ए. पातळ पटलावर उलगडून ठेवावयाचा, त्यावर किरणोत्सारी खूण लावलेला शोधक सोडावयाचा. जोडीदार सापडला तर तो चिकटून बसतो आणि छायाचित्राच्या फिल्मवर काळा ठसा उमटतो. काळा ठसा म्हणजे पुरुष. कोरी फिल्म म्हणजे — येथे पुन्हा तोच अंधार. निदान ह्या पद्धतीत दुसऱ्या एखाद्या शोधकाने, येथे मानवी डी.एन.ए. पुरेसा आहे, एवढी खात्री करून घेता येत असे. खोलीत दिवा लावण्याची ती सुरुवात म्हणावी लागेल.

ह्याच एडिंबरोत त्या वर्षांत एक भारतीय संशोधक सापाच्या डी.एन.ए.चा अभ्यास करीत होता. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याच्या एका खेड्यातून आलेले आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रा. राय-चौधुरी ह्यांच्या हाताखाली तयार झालेले हे डॉ. लालजी सिंह. सापांत उलटा न्याय आहे: तेथे वेगळे गुणसूत्र असते ते मादीजवळ. पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या त्या गुणसूत्रात सिंह आणि त्यांचे सहकारी केन जोन्स ह्यांना वारंवार येणारा एक डी.एन.ए. सापडला, आणि तोच पुढे उंदराच्या वाय गुणसूत्रावरही आढळला. माणसात मात्र त्याने अनपेक्षित उपयोग दाखवला. माणसागणिक त्याची मांडणी बदलते, असे दिसून आले. मादी ओळखावयास निघालेल्या संशोधनातून भारताची स्वतःची डी.एन.ए. ठशांची पद्धत निघाली ती अशी. सिंह १९८७ मध्ये हैदराबादच्या सी.सी.एम.बी. ह्या संस्थेत परतले आणि १९८९ मध्ये केरळातील तेल्लिचेरीच्या पितृत्वाच्या खटल्यात तिचा न्यायालयात उपयोग झाला. लालजी सिंह आपल्या कथेत आणखी एकदा येणार आहेत.

दरम्यान, अमेरिकेतील केरी मलिस ह्यांनी १९८३ मध्ये कल्पिलेल्या रीतीने, म्हणजे पी.सी.आर.ने, डी.एन.ए.च्या इवल्या तुकड्याच्या कोट्यवधी नकला काढणे शक्य झाले. आता थेंबाचीही जरूर उरली नाही. डोळ्याला जेमतेम दिसणारा कण पुरू लागला. पण नुसत्या वाय गुणसूत्राचीच नक्कल काढू गेल्यास कोऱ्या निकालाचा संशय उलट वाढला, कारण सदऱ्याचा रंग, जीन कापडाची नीळ, रक्तातले तांबडे द्रव्य ह्यांपैकी कशानेही ही प्रक्रिया मध्येच बंद पडू शकते. हवा होता असा एकच साक्षीदार, जो स्त्री असो वा पुरुष, दोन्ही प्रसंगी तोंड उघडील.

तो साक्षीदार मिळाला दातांच्या शुभ्र कवचात! हे कवच बनवणाऱ्या अ‍ॅमेलोजेनिन नावाच्या प्रथिनाचे जनुक एक्सवरही असते आणि वायवरही. पण दोन्ही प्रतींत किंचित फरक आहे. १९९३ मध्ये सलिव्हन, गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातला असा भाग निवडला, की एक्सवरचा तुकडा १०६ अक्षरांचा येतो आणि वायवरचा ११२ अक्षरांचा. अवघ्या 6 अक्षरांचे अंतर! विजेच्या प्रवाहात लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे राहतो. स्त्रीच्या डागाची एक रेघ, पुरुषाच्या डागाच्या दोन. आणि एकही रेघ उमटली नाही, तर प्रयोग फसला असे समजावे. निष्कर्ष काढू नये. एक्सची रेघ हा घरात लावलेला दिवा झाला. त्या दिव्याच्या उजेडात वाय दिसला नाही, तर तो नाही असे म्हणण्यास कुमारिलांचीही हरकत नसावी. रशियाच्या शेवटच्या झारच्या कुटुंबाचे म्हणून १९९१ मध्ये उकरून काढलेल्या नऊ सांगाड्यांतील स्त्री-पुरुष वेगळे करण्यासाठीही हीच कसोटी लावण्यात आली. अल्पावधीत ती जगभरच्या प्रयोगशाळांतील तयार संचांत जाऊन बसली आणि आजही तेथेच आहे.

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच तो उलगडला आपल्या दाराशी. १९९८ मध्ये एका अभ्यासात श्रीलंकेच्या २४ पुरुषांपैकी दोघांची वायची रेघ उमटलीच नाही. २००२ मध्ये हैदराबादचे के. थंगराज, रेड्डी आणि तेच लालजी सिंह ह्यांनी २७० भारतीय पुरुष तपासले. पाच जणांच्या बाबतीत कसोटीने उत्तर दिले: स्त्री. हे पाचही धडधाकट पुरुष होते. त्यांच्या वाय गुणसूत्राचा जो लहानसा भाग पिढ्यांपूर्वी गळून पडला होता, नेमके त्यातच ते दाताचे जनुक होते. एक्सवरची प्रत शाबूत असल्यामुळे दातांचे काही बिघडले नाही, पुरुषत्वाचे तर नाहीच. कारण पुरुषत्वाचा कारभार पाहणारे जनुक वेगळेच, एस.आर.वाय. नावाचे, १९९० मध्ये लंडनमध्ये सापडलेले. दिवा लागलेला होता; पण घरधनी घरात आहे की नाही, हे आपण खुंटीवरच्या पागोट्यावरून ठरवत होतो.

मुंबईने ह्याहून जुना असाच एक धडा वैद्यकाला दिलेला आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अशी माणसे दाखवली, की ज्यांच्या रक्तात अ आणि ब ह्या खुणा नाहीत म्हणून ती ओ गटाची समजली जावीत, आणि तरीही ओ गटाचे रक्त त्यांना चालू नये. ओ गटाच्या माणसात असणारी पायाची खूणही त्यांच्यात नव्हती. बॉम्बे रक्तगट ह्या नावाने तो जगभर ओळखला जातो. तेथेही खूण नाही म्हणून अमुक, असाच निष्कर्ष काढला जात होता.

२००६ मध्ये कलकत्त्याच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील संशोधकांनी देशाच्या निरनिराळ्या समाजांतील ४,२५७ पुरुष तपासले, तेव्हा दहा जणांत ही उणीव आढळली. म्हणजे प्रमाण शेकडा पावही नाही. हैदराबादचे प्रमाण शेकडा पावणेदोनच्या वर. हा फरक पाहून गोंधळण्याचे कारण नाही. उणीव बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून ती घराण्याघराण्यांत साठून राहते, आणि कोणती घराणी जाळ्यात आली त्यावर आकडा हलतो. हजारी दोन म्हणा की हजारी अठरा, ज्या खटल्यात तो माणूस असेल तेथे प्रमाण शंभर टक्केच असते. बलात्काराच्या खटल्यात कपड्यावरच्या डागाची वायची रेघ उमटली नाही म्हणून तो पीडितेचाच ठरावा, आणि आरोपीने त्याकडे बोट दाखवून सुटावे, ही नुसती कल्पनेतली भीती नव्हे. म्हणूनच ह्या संशोधकांनी एस.आर.वाय.चीही परीक्षा सोबत करावी असा आग्रह धरला, आणि नव्या संचांत वाय गुणसूत्रावरच्या आणखी खुणा घालण्यात आल्या. वकील मंडळींनी अहवालात स्त्री हा शब्द वाचला, की तो कोणत्या खुणेच्या अभावावरून लिहिला आहे, एवढे अवश्य विचारावे.

आणि तरीही हे सारे गुणसूत्राविषयी झाले. माणसाविषयी थोडे कमीच झाले. बहिणीची अस्थिमज्जा बसवून ज्याचा जीव वाचला, अशा पुरुषाच्या रक्ताचा डाग स्त्रीचा म्हणून वाचला जाईल, आणि प्रयोगशाळेची त्यात काडीचीही चूक नसेल. दोन एक्स असूनही एस.आर.वाय. बाळगणारे पुरुष असतात. वाय असूनही स्त्रीदेहाने वाढलेल्या स्त्रिया असतात. त्यांची संख्या अल्प आहे. पण न्यायालयासमोर येणारा मनुष्य एकेकटाच येतो.

माझ्या त्या सदऱ्याचे काय झाले? दिवस पावसाळ्याचे होते. डाग सावलीत वाळवून सदरा कागदाच्या पुडीत ठेवावयास हवा होता; तो दमटच प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर लाखेची मोहोर करून रवाना झाला. बुरशीपुढे पांढऱ्या पेशी टिकत नाहीत. डी.एन.ए.ची मागणी पत्रात कोणी केली नव्हती, मीही नाही. काही महिन्यांनी अहवाल आला: डाग मानवी रक्ताचे आहेत, गट निश्चित करता आला नाही.

मुलीची आई एकदा त्याची नक्कल मागावयास कचेरीत आली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मी वाचून दाखवू लागलो. मानवी रक्त ह्या शब्दांपाशी तिने मला हाताने थांबवले आणि म्हणाली, "म्हंजी मानसाचं. त्ये तर म्या बी सांगितलं आसतं, सायेब."